लोहकचऱ्याने झाकोळलेली नाणी : धातुशोधक यंत्राच्या मर्यादा आणि सोलापूर परिसरातील पुरातत्त्वीय शोध

सारांश

जुन्या वस्तीच्या, बाजाराच्या किंवा लष्करी छावणीच्या जागेवर नाण्यांबरोबर खिळे, नाली, पट्ट्या अशा लोखंडी वस्तू फार मोठ्या प्रमाणात जमिनीत मिसळलेल्या असतात. धातुशोधक यंत्राने अशा जागेची पाहणी करताना लोखंडाचा संकेत नाण्याच्या संकेतावर पसरतो व नाणे 'दिसत' नाही. प्रस्तुत लेखात या घटनेमागील भौतिक कारणे स्पष्ट केली असून सोलापूर परिसरातील काळी माती आणि येथे प्रचलित असलेली शिसे, पोटीन व तांब्याची नाणी यांच्या संदर्भात तिचा विचार केला आहे. लोखंड वगळून नाणी शोधण्याची प्रचलित सवय तांत्रिकदृष्ट्या सदोष आणि इतिहासाच्या दृष्टीने हानिकारक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : धातुशोधक यंत्र, लोहाच्छादन, धातुभेद, नाणकशास्त्र, पुरातत्त्वीय संदर्भ, सोलापूर.

१. प्रस्तावना

नाणे हे इतिहासलेखनाचे अत्यंत विश्वसनीय साधन मानले जाते. राजाचे नाव, बिरुद, टांकसाळ, लिपी, धातू आणि वजन इतकी माहिती एका लहानशा चकतीवर एकत्र आलेली असते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेला नाणेसंचय हे याचे उत्कृष्ट उदाहरण होय. या संचयात क्षहरात क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. नहपानाची सत्ता सातवाहनांनी संपुष्टात आणली, या निष्कर्षाला या संचयाने भक्कम आधार दिला. हा संचय संशोधकांपुढे आला नसता व सुटी नाणी हातोहात विकली गेली असती, तर पुनर्मुद्रित नाण्यांचे हे प्रमाण कोणालाही कळले नसते. नाण्याचे मोल त्याच्या धातूत जितके असते, त्याहून अधिक ते कोठे, कशासोबत आणि किती संख्येने सापडले यात असते.

अलीकडच्या काळात धातुशोधक यंत्रे सहज उपलब्ध झाली आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगड किल्ल्याच्या परिसरातील शेतांमध्ये लोकांनी मोगलकालीन सोन्याची नाणी मिळतील या आशेने रात्री विजेऱ्या व धातुशोधक यंत्रे घेऊन खोदकाम केले. त्याची छायाचित्रे व चित्रफिती देशभर पसरल्या. अशा उकरण्यातून एखादे नाणे मिळालेही असेल, परंतु त्याचा संदर्भ मात्र कायमचा नष्ट होतो. या पार्श्वभूमीवर हे यंत्र नेमके काय ओळखते आणि कशापुढे फसते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) धातुशोधक यंत्राचे कार्यतत्त्व समजून घेणे.
२) लोखंडामुळे नाणे झाकोळले जाण्याची कारणे स्पष्ट करणे.
३) सोलापूर परिसरातील माती व नाणी यांच्या संदर्भात या अडचणीचा विचार करणे.
४) अधिकृत पुरातत्त्वीय पाहणीत उपयुक्त ठरणाऱ्या पद्धती व कायदेशीर चौकट यांचा परिचय करून देणे.

३. धातुशोधक यंत्राचे कार्यतत्त्व

सर्वसाधारण धातुशोधक यंत्राच्या टोकाशी तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. त्यांना कॉइल म्हणतात. पहिल्या कॉइलमधून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वाहतो व त्यामुळे जमिनीत सतत दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उत्पन्न होतात. हे प्रवाह स्वतःचे दुय्यम चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि ते दुसरी कॉइल टिपते.

दुय्यम क्षेत्र मूळ क्षेत्राच्या किंचित मागे पडते. या मागे पडण्याला कलांतर म्हणतात. वस्तू जाड व उत्तम वाहक असेल, तर कलांतर अधिक असते आणि ती पातळ, लहान वा अल्पवाहक असेल, तर ते कमी असते. चांदीचा रुपया आणि सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद यांत यंत्र फरक करू शकते, ते याच आधारावर. लोखंडाचे वर्तन मात्र याहून वेगळे आहे. त्यात भोवरी प्रवाह तर निर्माण होतातच, शिवाय ते स्वतः चुंबकित होऊन बाह्य क्षेत्र आपल्याकडे ओढून घेते. हे दोन परिणाम एकमेकांत मिसळतात. खिळ्यासारख्या बारीक वस्तूत चुंबकीय परिणाम प्रबळ ठरतो व यंत्र तिला 'लोखंड' म्हणून ओळखते. कडी, वॉशर किंवा सपाट पत्रा यांत भोवरी प्रवाहांना मोकळी वाट मिळते आणि म्हणूनच त्या लोखंडी असूनही अनेकदा मौल्यवान धातूसारखा संकेत देतात.

लोखंड आणि हे तंत्र यांचे वैर तंत्राइतकेच जुने आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरील उपकरण तयार केले. प्रयोगशाळेत ते व्यवस्थित चालत असे. परंतु प्रत्यक्ष रुग्णशय्येवर त्याचा संकेत सर्वत्र पसरलेला ऐकू आला, कारण गादीखाली पोलादी तारांचे जाळे होते. शोध शरीराच्या उजव्या बाजूपुरता मर्यादित ठेवण्यात आला होता, हीही अडचण होतीच. गोळी सापडली नाही आणि १९ सप्टेंबर १८८१ रोजी गारफील्ड यांचे निधन झाले. शिशाची गोळी आणि तिच्या आसपासचे पोलाद हाच प्रसंग जुन्या गावठाणात शिशाचे नाणे व खिळे यांच्या रूपाने पुन्हा घडतो.

४. लोहाच्छादनाची कारणे

लोखंडाच्या सान्निध्यामुळे नाण्याचा संकेत यंत्राला वेगळा ओळखता न येणे, याला येथे लोहाच्छादन म्हटले आहे. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अ) संकेतांची बेरीज : एका क्षणी कॉइलखाली जितक्या धातुवस्तू असतील, त्या सर्वांच्या दुय्यम क्षेत्रांची बेरीज यंत्रापर्यंत पोहोचते. खिळा आणि नाणे जवळजवळ असतील, तर मिळणारा संकेत या दोहोंच्या दरम्यानचा असतो. परिणामी तांब्याचे नाणेही लोखंडाच्या बाजूला झुकलेले भासते.

आ) खोलीतील फरक : लहान वस्तूचा संकेत अंतराबरोबर फार वेगाने क्षीण होतो. कॉइलच्या त्रिज्येहून बऱ्याच अधिक अंतरावर तो साधारणतः अंतराच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. म्हणजे अंतर दुप्पट झाल्यास संकेत ६४ पटींनी कमी होतो. कॉइलच्या निकट ही घट इतकी तीव्र नसली तरी तिचा कल तोच राहतो. नंतरच्या काळातील लोखंड वरच्या थरात आणि जुने नाणे खालच्या थरात, ही वस्तीच्या जागेवरील नेहमीची स्थिती होय. त्यामुळे वरचा क्षुल्लक खिळाही खालच्या नाण्याला पुरून उरतो.

इ) यंत्राचा स्वतःचा विलंब : लोखंडाचा संकेत मिळाला की धातुभेदाची व्यवस्था आवाज बंद करते. पुढील संकेतासाठी पूर्ववत होण्यास यंत्राला अल्पसा अवधी लागतो. कॉइल वेगाने फिरवली, तर त्याच अवधीत नाणे तिच्याखालून निघून जाते. या प्रसंगी नाण्याचा संकेत क्षीण नसतो, परंतु तो ऐकण्याच्या स्थितीत यंत्रच नसते. वापरणारा मात्र शांततेचा अर्थ 'येथे काही नाही' असा घेतो.

या तीन कारणांपैकी तिसरे कारण मनुष्यनिर्मित आहे. लोखंडाचा त्रास नको म्हणून धातुभेदाचा काटा जितका पुढे सरकवावा, तितकी शांतता वाढते व तितकी नाणीही हातून निसटतात.

५. सोलापूर परिसराचा संदर्भ

५.१ माती : सोलापूर जिल्हा दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय लोहखनिजे असतात व खडकापासून तयार झालेल्या काळ्या मातीतही ती उतरतात. त्यामुळे येथे जमीन स्वतःच एक सौम्य लोखंडी वस्तू असल्याप्रमाणे संकेत देते. यंत्रातील भूसंतुलन व्यवस्थेने हा संकेत वजा करावा लागतो. शेत, नदीकाठ व गावठाणाची पांढरी माती यांचे गुणधर्म भिन्न असल्याने हे संतुलन एकदाच करून भागत नाही. चुंबकीय मातीत खोलवरचे बिगरलोखंडी नाणेही लोखंडासारखे वाटू लागते, हा याचा आणखी एक परिणाम होय.

५.२ लोखंड : बैलगाडीच्या चाकांच्या धावा, बैलांच्या व घोड्यांच्या नाली, नांगराचे फाळ, विळे, दारांचे खिळे, बिजागऱ्या व कड्या हे कोणत्याही जुन्या गावठाणातील नित्याचे लोखंड आहे. सोलापूर शहरात त्यात औद्योगिक लोखंडाची भर पडली. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, त्यामागोमाग कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि पुढे यंत्रमागांचा विस्तार झाला. त्यांचे नटबोल्ट, तारा व सुटे भाग शहर परिसराच्या वरच्या थरात विखुरलेले असणे स्वाभाविक आहे.

५.३ नाणी : धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर. सातवाहनकालीन व्यापारकेंद्र म्हणून ते प्रसिद्ध असून तेथील पुरावशेष रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जतन केलेले आहेत. सातवाहनांची बहुतांश नाणी शिसे, पोटीन व तांबे यांची आहेत. पोटीन हा तांबे, कथील व शिसे यांचा मिश्रधातू होय. शिशाची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे बाराव्या हिश्शाइतकीच असते. पोटीनचीही वाहकता शुद्ध तांब्याहून पुष्कळ कमी असते. त्यात ही नाणी अनेकदा आकाराने लहान असतात. त्यामुळे त्यांचा संकेत लोखंडाच्या संकेताच्या अगदी शेजारी पडतो.

पुढील काळात बहमनी व आदिलशाही तांब्याची नाणी, मोगलांचे चांदीचे रुपये आणि एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे असलेली शिवराई यांचा प्रसार झाला. औरंगजेबाच्या काळात सोलापूर येथील टांकसाळीच्या नावाने रुपये पाडले गेले. तांबे व चांदी हे उत्तम वाहक असल्याने ही नाणी एकटी असताना स्पष्ट ऐकू येतात. लोखंडाजवळ पडलेली असल्यास मात्र त्यांचाही संकेत खाली घसरतो.

येथून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. धातुभेदाचा काटा चांदीच्या नाण्याला अनुकूल असा लावल्यास जे सर्वप्रथम गळते, ते सातवाहनांचे शिशाचे व पोटीनचे नाणे होय. अशा पाहणीच्या आधारे 'येथे सातवाहनकालीन नाणी आढळत नाहीत' असे विधान कोणी केले, तर ते भूमीविषयीचे नसून यंत्राच्या काट्याविषयीचे विधान ठरेल.

६. झाकोळलेल्या नाण्यांचा शोध : पद्धती

अधिकृत परवानगीने होणाऱ्या पाहणीत पुढील पद्धती उपयुक्त ठरतात.

१) लहान कॉइल वापरावी. सुमारे ११ इंची कॉइल एका वेळी अनेक वस्तू कवेत घेते, तर ५ ते ६ इंची कॉइल शेजारच्या दोन वस्तू वेगळ्या करू शकते. खोली काही प्रमाणात कमी होते, परंतु लोखंडाच्या गर्दीत मोठ्या कॉइलची खोली तशीही कागदावरच राहते.

२) धातुभेद शक्य तितका कमी ठेवावा. लोखंडाचा आवाज बंद करण्याऐवजी त्याला वेगळा, खर्जातील स्वर द्यावा. सर्व संकेत ऐकू आल्यास खर्जाच्या ओघात क्षणभर उमटणारा उंच स्वर कानाला टिपता येतो.

३) कॉइल सावकाश व आखूड झोक्यांनी फिरवावी. यंत्रात पूर्ववत होण्याचा वेग वाढविण्याची सोय असल्यास ती वापरावी. त्यामुळे खोली काहीशी घटते, हे ध्यानात ठेवावे.

४) एकच जागा परस्परांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी तपासावी. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी असलेल्या कॉइलचे क्षेत्र पुढून मागे जाणाऱ्या अरुंद पट्टीसारखे असते. नाणे व खिळा त्या पट्टीच्या दिशेने एका ओळीत असतील, तर दोन्हींचा संकेत एकत्र येतो. पाहणी करणारा ९० अंशांत वळला की तीच जोडी पट्टीला आडवी होते व संकेत सुटे होतात. शिवाय नाणे गोल असल्याने आडवे पडलेले असताना सर्व बाजूंनी जवळपास सारखे ऐकू येते. लांबट खिळ्याचा संकेत मात्र दिशेनुसार बदलतो.

५) संवेदनक्षमता कमाल पातळीवर ठेवू नये. चुंबकीय मातीत त्यामुळे मातीचाच गोंगाट वाढतो.

६) थरांचा विचार करावा. जागेवर एक वा दोन मीटर रुंदीच्या पट्ट्या आखाव्यात व प्रत्येक संकेताची जागा मोजून नोंदवावी. उत्खननात वरच्या थरातील लोखंड नोंदीसह काढून झाल्यावर तीच जागा पुन्हा तपासावी. पहिल्या फेरीत मौन असलेली जागा दुसऱ्या फेरीत बोलू लागते, ती यामुळेच.

७. वर्गात करता येण्याजोगा प्रयोग

लोहाच्छादन समजून घेण्यासाठी जमीन उकरण्याची गरज नाही. लाकडी फळीवर मधोमध एक नाणे ठेवावे व त्याच्याभोवती चार खिळे निरनिराळ्या अंतरांवर व दिशांनी मांडावेत. फळीवरून कॉइल प्रथम वेगाने, नंतर सावकाश व शेवटी काटकोनातील दिशेने फिरवावी. प्रत्येक वेळी धातुभेदाची पातळी बदलून संकेताची नोंद तक्त्यात करावी. खिळे नाण्याच्या किती जवळ आले असता संकेत लोपतो, हे विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येते.

नाण्याची निवड करताना आधी ते चुंबकाला चिकटते का, हे पाहावे. १९९२ नंतरची १ रुपयाची नाणी लोहयुक्त स्टेनलेस स्टीलची असून ती चुंबकाला चिकटतात. लोखंड वगळणारे यंत्र त्यांना नाणे न मानता कचरा समजण्याची शक्यता असते. पितळी रंगाचे ५ रुपयांचे नाणे चुंबकाला चिकटत नाही, म्हणून प्रयोगास ते सोयीचे आहे. भविष्यातील पुरातत्त्वज्ञाने लोखंड टाकाऊ मानले, तर आजचा रुपयाच त्याच्या हातून निसटेल, हे या साध्या प्रयोगातून उमजते.

८. लोखंड : कचरा की पुरावा?

नाणी शोधणाऱ्याच्या लेखी लोखंड हा अडथळा असतो, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तसे मानून चालत नाही. जर्मनीतील काल्क्रीझ येथे १९८७ साली टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यास अधिकृत परवानगीने धातुशोधक यंत्राने पाहणी करताना रोमन चांदीची नाणी मिळाली. ही बाब त्यांनी स्थानिक पुरातत्त्वज्ञांना कळविली. केवळ नाणी एखाद्या व्यापाऱ्याचीही असू शकली असती. परंतु पुढे गोफणीच्या शिशाच्या गोळ्या व रोमन सैन्याच्या लोखंडी वस्तू मिळाल्या, तेव्हा तेथे सैन्य होते हे स्पष्ट झाले. इसवी सन ९ मधील वारुस याच्या पराभवाशी या स्थळाचा संबंध जोडला गेला, तो नाणी व लोखंड यांच्या एकत्रित साक्षीमुळे.

सोलापूर जिल्ह्यात याच दृष्टीने विचार करण्याजोगे स्थळ म्हणजे मंगळवेढा तालुक्यातील भीमाकाठचे ब्रह्मपुरी. माचणूरजवळील या ठिकाणी औरंगजेबाची मुख्य छावणी १६९५ ते १६९९ या काळात होती आणि गावाला इस्लामपुरी हे नाव देण्यात आले होते. एवढी मोठी छावणी म्हणजे तंबूंच्या मेखा, घोड्यांच्या नाली, शस्त्रांचे तुकडे आणि बाजारात हातातून निसटलेली नाणी यांची सरमिसळ असणार, हे उघड आहे. अशा जागेवर नालींची दाटी कोठे आहे यावरून पागेचा, तर सुट्या तांब्याच्या नाण्यांच्या विखुरणीवरून बाजाराचा माग काढता येऊ शकतो. कोणी लोखंड फेकून देऊन केवळ नाणी खिशात घातली, तर पागाही जाते व बाजारही जातो. उरतात त्या किमती लावता येण्याजोग्या चकत्या.

९. कायदेशीर चौकट

धातुशोधक यंत्र विकत घेता येते, म्हणून कोठेही उकरण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण व दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. सूचना न देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रामाणिकपणे कळविणाऱ्याच्या हिताचाही विचार या कायद्यात आहे. शासनाने निधी संपादन केल्यास धातूच्या मूल्याबरोबर त्याचा पाचवा हिस्सा अधिक देण्याची तरतूद त्यात आहे.

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ अन्वये केंद्रीय संरक्षित क्षेत्रात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्राभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटर विनियमित घोषित केले आहेत. राज्य संरक्षित स्थळांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम लागू आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष असून खासगी व्यक्तीला त्याची निर्यात करता येत नाही.

शेत नांगरताना नाणे वर आल्यास शेतकऱ्याने ते घासूनपुसून लख्ख करू नये, जागा अधिक उकरू नये व तलाठी किंवा तहसील कार्यालयामार्फत तत्काळ कळवावे. नाण्यासोबतचे खापराचे तुकडे व गंजलेले लोखंडही जागेवरच राहू द्यावे.

१०. निष्कर्ष

१) लोहाच्छादन हे संकेतांची बेरीज, खोलीतील फरक आणि यंत्राचा विलंब यांचा एकत्रित परिणाम आहे. धातुभेदाचा अतिवापर ते दूर करण्याऐवजी वाढवितो.
२) सोलापूर परिसरातील चुंबकीय काळी माती आणि शिसे व पोटीनची अल्पवाहक नाणी यांमुळे ही अडचण येथे अधिक तीव्र होते. अन्य देशांतील चांदीच्या नाण्यांवर बेतलेल्या यंत्राच्या मांडण्या येथे जशाच्या तशा लागू करता येत नाहीत.
३) लहान कॉइल, संथ गती, सर्व धातू ऐकण्याची पद्धत, दोन दिशांनी तपासणी आणि थरनिहाय पुनर्तपासणी या मार्गांनी झाकोळलेली नाणी ओळखता येतात.
४) यंत्राचे मौन म्हणजे पुराव्याचा अभाव नव्हे. पाहणीच्या अहवालात यंत्राचा प्रकार, कॉइलचा आकार व धातुभेदाची पातळी यांची नोंद असणे आवश्यक आहे.
५) लोखंड हाही पुरावा असून त्याची नोंद नाण्याइतक्याच काळजीने झाली पाहिजे.

महाविद्यालयांतील इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन फळीवरील प्रयोगासारखे उपक्रम घेतल्यास आणि गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत निखात निधी कायद्याची माहिती पोहोचविल्यास, या परिसरातील नाणी बाजारात न जाता इतिहासाच्या कामी येऊ शकतील. त्या दृष्टीने पहिले पाऊल म्हणजे लोखंडाला कचरा म्हणणे थांबविणे होय.